कारवानी घाट का उतरला नाही

मुरूडजवळचं फणसाड १९८६ साली अभयारण्य झालं. संस्थानी काळात ते जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं राखीव रान होतं. बिबट्या, सांबर, भेकर, रानडुक्कर सगळं तिथे होतं, आणि बरंचसं अजून आहे. अशा दाट रानात शिकार व्हायची ती हाक्याची. एका अंगाने माणसं ओरडत, डबे बडवत जनावर उठवणार, आणि दुसऱ्या तोंडाशी बंदूकवाला दबा धरून बसणार. कोकणच्या शिकारीत कुत्रा असे, पण तो गावठी: जाळीत नाक खुपसणारा, डुकराला भुंकून भुंकून एका जागी अडवून धरणारा. कातकऱ्यांच्या वाड्यांवरचे कुत्रेही याच कुळीतले. त्यांची वंशावळ कुणी लिहिली नाही, की कुठल्या केनेल क्लबला त्यांची उंची मोजावीशी वाटली नाही.

शिकारी कुत्रा म्हटलं की मराठी माणसाला आठवतो तो कारवानी. तो या किनारपट्टीवर कधी रुजला नाही, आणि त्याचं कारण त्याच्या अंगातच सापडतं.

कारवानी वासावर शिकार करत नाही, नजरेवर करतो. लांब निमुळतं डोकं, मोठे बदामी डोळे, गालाला चिकटलेले लोंबते कान, लांब मान. छाती इतकी खोल की फुप्फुसांना आणि काळजाला हवी तेवढी जागा मिळावी, आणि तिच्यामागे एकदम आत ओढलेलं पोट. नर साधारण ७० सेंटिमीटर उंच भरतो, वजन मात्र पंचवीस किलोच्या आसपास. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, मालक याला पोटभर घालत नसावा. पळायला लागला की एका झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात: एकदा पाय अंगाखाली गोळा झालेले असताना, एकदा पुरते ताणलेले असताना. सोलापूर, लातूर, जत भागातल्या उघड्या माळावर ससा दूरवर दिसतो, तिथे या धावेला अर्थ आहे. रायगडच्या उतारावर करवंदीच्या जाळीत त्याला दहा पावलांपलीकडचं दिसणार नाही, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर तो पाय मोडून घेईल.

त्याचे नातलग अरबस्तान आणि मध्य आशियात आहेत. सालुकी आणि ताझी ही त्यांतली ठळक नावं. व्यापारी तांडे आणि फौजा यांच्याबरोबर तो वायव्येकडून दख्खनमध्ये उतरला असं मानलं जातं. कान, पाय आणि शेपटीला रेशमी झालर असली की त्याला पश्मी म्हणतात.

याच कुत्र्याला जगभर नाव मिळालं ते मुधोळचं. आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात असलेलं मुधोळ हे घोरपड्यांचं मराठी संस्थान. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेरडांकडचे शिकारी कुत्रे पाहिले, निवडून त्यांची पैदास केली आणि एक जोडी बादशहा पाचव्या जॉर्जला भेट दिली. कुत्र्यांचं नशीबही कुठल्या दरबारातून जातं त्यावर ठरतं! जतच्या माळावरचा कारवानी तेव्हाही तितकाच वेगवान होता. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरात ही जात कॅराव्हान हाउंड म्हणून नोंदली आहे. टपाल खात्याने २००५ साली चार भारतीय जातींची तिकिटं काढली, त्यांत नाव आलं मुधोळचं.

शिवाजी महाराजांच्या सैन्यात मुधोळचे कुत्रे होते, असं आता सर्रास सांगितलं जातं. सांगणाऱ्यांनी एवढं तरी आठवावं, की मुधोळच्याच बाजी घोरपड्याने १६४८ साली शहाजीराजांना कैद केलं होतं, आणि १६६४ साली महाराजांनी मुधोळवर चाल करून त्याचा हिशेब चुकता केला. हे घराणं आदिलशाहीचं. तिथून स्वराज्याला कुत्र्यांचा पुरवठा होत होता, हे मानायला कागद हवा.

तीच गत वाघ्याची. महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याची ही कथा समकालीन साधनांत सापडत नाही. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ने तिला घरोघर नेलं, आणि १९३६ साली इंदूरच्या होळकरांच्या मदतीने रायगडावर समाधीजवळ पुतळा उभा राहिला. ऑगस्ट २०१२ मध्ये तो उखडला गेला, काही दिवसांत पुन्हा बसवला गेला, आणि २०२५ मध्ये वाद परत पेटला. एका दगडी कुत्र्यासाठी आपण इतके भांडलो, पण घाटावरच्या जिवंत कारवानीचा वंश शुद्ध राहतोय का, हे विचारायला किती जण गेले?

विचारायला हवं. हा कुत्रा स्वभावाने अबोल आणि मानी. घरच्यांवर जीव लावील, पण परक्याचा हात डोक्यावर पडला की अंग चोरून मागे सरकेल. साखळीला बांधून ठेवला की एकतर भित्रा होतो, नाहीतर चिडका. दरडावलेलं तो विसरत नाही. अलीकडे सैन्याने मेरठच्या केंद्रात मुधोळच्या पिल्लांना शिकवायला घेतलं, त्यामुळे मागणी वाढली. आणि मागणी वाढली की उंचीसाठी विलायती ग्रेहाउंडचं रक्त मिसळणारेही वाढतात. अशा संकरातून अंग भरतं, पण दख्खनच्या उन्हात आणि भाकरीच्या तुकड्यावर तग धरण्याची ताकद उतरतेच असं नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याचं मूळ काम संपलं. आता त्याला सशामागे सोडणंही गुन्हा आहे. म्हणून अलिबाग किंवा मुरूडच्या वाडीवर कारवानी आणायचा विचार असेल, तर आधी त्याला रोज मोकळं पळू देणारं कुंपणाचं आवार आहे का ते पाहा. पिल्लाचे आईबाप डोळ्यांनी बघून घ्या, पावसाळ्यात त्याची जागा कोरडी ठेवा. शेजारी फणसाडसारखं रान असेल, तर संध्याकाळनंतर त्याला बाहेर सोडू नका: तिथल्या बिबट्याला हा कुत्रा शिकारी आहे हे ठाऊक नसतं.