माथेरानचे जड पाणी, शेळीचे दूध आणि रौलट कायदा

१९१९ च्या जानेवारीत मुंबईत एका एकोणपन्नास वर्षांच्या रुग्णावर गुदद्वाराला पडलेल्या चिरांची शस्त्रक्रिया झाली. शालेय पाठ्यपुस्तकांत रौलट कायदा येतो, ६ एप्रिलचा हरताळ येतो, जालियनवाला बाग येते. ही शस्त्रक्रिया येत नाही. रुग्णाचे नाव मोहनदास करमचंद गांधी. त्यांनी स्वतः आत्मकथेत ती लपवलेली नाही. संकोच झाला तो पुढे त्यांचे चरित्र सांगणाऱ्यांना. आजचा धागा त्या शस्त्रक्रियेवर आणि तिच्या आगेमागे असलेल्या काही महिन्यांवर.

प्रारंभ गुजरातेत झाला. १९१८ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात गांधीजी खेडा जिल्ह्यात ब्रिटिश सैन्यासाठी भरती करीत गावोगाव पायी हिंडत होते. अहिंसेच्या उपासकाने सैन्यभरती करावी, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. आहार शेंगदाण्यांवर आणि लिंबावर चाललेला, पोट आधीच बिघडलेले. ऑगस्टमध्ये एका सणाच्या दिवशी कस्तुरबांनी केलेली गोड लापशी त्यांनी खाल्ली आणि तासाभरात तीव्र आमांश सुरू झाला. औषध घेण्यास त्यांनी नकार दिला. प्रकृती इतकी ढासळली की मृत्यू जवळ आला आहे, असे मानून त्यांनी आश्रमवासीयांची निरवानिरव केली.

येथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. १९१८ म्हटले की इन्फ्लुएंझाची साथ आठवते, आणि गांधीजींना तोच आजार झाला होता, असे समाजमाध्यमांवर वारंवार लिहिले जाते. त्यांनी स्वतः वर्णन केलेला आजार आमांशाचा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील साथीची भीषण लाट येण्यापूर्वीच ते अंथरुणाला खिळले होते.

याच काळात एक विलक्षण मराठी गृहस्थ या कथेत येतात. केळकर त्यांचे आडनाव. ग्रँट मेडिकल कॉलेजचा अभ्यासक्रम त्यांनी जवळजवळ पुरा केला होता, पदवी मात्र घेतली नव्हती. बर्फाच्या उपचारावर त्यांची अढळ श्रद्धा. गांधीजींना ते पाहताक्षणी आपल्यासारखेच छांदिष्ट वाटले आणि त्यांनी आपला देह केळकरांच्या स्वाधीन केला. सर्वांगाला बर्फ लावण्याच्या त्या उपचाराने थोडी भूक लागू लागली, थोडे चालता येऊ लागले. केळकरांनी अंडी खाण्याचाही सल्ला दिला, तो अर्थातच मानला गेला नाही. आश्रमात त्यांचे नाव पडले ‘बर्फ डॉक्टर’.

पुढे हवापालटासाठी माथेरान ठरले. हवा उत्तम, पण तेथील पाणी जड. आमांशाने गुदमार्ग आधीच हुळहुळा झाला होता, त्यात चिरा पडल्या. शौचाच्या वेळी इतक्या असह्य वेदना होत की खाण्याच्या नुसत्या कल्पनेने धडकी भरे. आठवडा पुरा होण्याआधीच त्यांना माथेरान सोडावे लागले.

मूळव्याध, भगंदर आणि चीर या तिन्हींना आपल्याकडे सरसकट मूळव्याधच म्हटले जाते. वस्तुतः मूळव्याध म्हणजे फुगलेल्या रक्तवाहिन्यांचे मोड. भगंदर म्हणजे आतल्या पूमार्गाने बाहेर काढलेली वाट. चीर म्हणजे गुदद्वाराच्या नाजूक त्वचेला गेलेला तडा, आयुर्वेदातील परिकर्तिका. आकाराने क्षुल्लक, पण यातना भयंकर, कारण वेदनेने गुदाचा स्नायू आवळला जातो, आवळल्याने रक्तपुरवठा कमी होतो आणि चीर भरून येत नाही. रुग्ण शौचाला घाबरतो, मग जेवायला घाबरतो. मळ घट्ट होतो आणि पुढच्या वेळी तीच जखम पुन्हा उघडते. गांधीजींनी वर्णिलेले अन्नाचे भय हे या दुष्टचक्राचे अचूक वर्णन आहे. आहारावर आयुष्यभर प्रयोग करणाऱ्या माणसाला अन्नाचीच भीती वाटावी, ही अवस्था किती हताश असेल!

मुंबईत शंकरलाल बँकर यांनी त्यांच्या प्रकृतीचा भार उचलला आणि शल्यचिकित्सक डॉ. दलाल यांना बोलावले. दलालांनी क्षणात निदान मांडले: दूध घेतल्याखेरीज हे शरीर पुन्हा उभे राहणार नाही, जोडीला लोह आणि सोमल यांची इंजेक्शने घेतली, तर प्रकृती सुधारण्याची हमी. इंजेक्शनांना गांधीजी तयार झाले. दुधाला नाही. दूध न घेण्याचे व्रत त्यांनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर घेतले होते. गवळी गाई-म्हशींचे दूध काढण्यासाठी जी क्रूर रीत वापरत, तिच्या तिटकाऱ्याने ते अधिक दृढ झाले होते.

कस्तुरबा खाटेजवळ उभ्या राहून सारे ऐकत होत्या. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, हे ऐकताच त्यांनी विचारले की मग शेळीच्या दुधाला हरकत काय? डॉक्टरांनी तो धागा पकडला आणि गांधीजी नमले. पुढे जगभर प्रसिद्ध झालेली शेळी त्यांच्या जीवनात अशी आली. ती साधेपणाचे प्रतीक म्हणून आली नव्हती. व्रताचे शब्द आपण राखले आणि आत्मा गमावला, असे त्यांनी नंतर लिहिले. ही बोच त्यांना आयुष्यभर राहिली. येथे सत्याचा आग्रह धरणाऱ्या माणसाने पळवाट घेतली आणि ती पळवाट आहे, हे स्वतःच जाहीर केले.

दूध सुरू झाल्यावर लवकरच डॉ. दलालांनी शस्त्रक्रिया केली आणि ती यशस्वी झाली. अशा जागेची जखम भरून यायला काही आठवडे लागतात. पेनिसिलीनचा शोध अजून नऊ वर्षे दूर होता. शेक, स्वच्छता, मऊ अन्न आणि सक्तीची विश्रांती एवढीच साधने. गांधीजींच्या वाट्याला यांपैकी विश्रांती आली नाही.

१८ जानेवारी १९१९ रोजी रौलट विधेयके भारत सरकारच्या राजपत्रात प्रसिद्ध झाली. खटल्याविना अटकेत ठेवण्याचा अधिकार सरकारला देणारा हा मसुदा होता. वल्लभभाई पटेलांशी बोलताना गांधीजींचे म्हणणे असे, की मूठभर माणसे जरी प्रतिज्ञेवर सही करायला तयार झाली, तरी सत्याग्रह करावा. आपण असे अंथरुणावर नसतो, तर एकट्यानेच लढा दिला असता. २४ फेब्रुवारीला साबरमती आश्रमात प्रतिज्ञापत्रावर सह्या झाल्या. राजपत्रापासून प्रतिज्ञेपर्यंत सदतीस दिवस. शस्त्रक्रिया आणि तिची जखम याच दिवसांच्या आसपासची.

अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. आत्मकथेत गांधीजी म्हणतात की सत्याग्रहाच्या ओढीने जगण्याची इच्छा प्रबळ झाली, म्हणून दूध घेतले. त्याच प्रकरणात पुढे ते सांगतात की शस्त्रक्रियेनंतर सुधारणा होत असताना रौलट समितीचा अहवाल सहज वाचनात आला. मग ओढ आधीची की अहवाल? घटनेनंतर काही वर्षांनी लिहिलेल्या आठवणीत कारण आणि परिणाम एकमेकांत मिसळतात. आत्मकथा हे उत्तम साधन आहे, पण तिच्यातील क्रम पंचांग समजून वाचू नये.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ते दिल्ली, लखनौ, अलाहाबाद आणि मद्रास असा प्रवास करीत होते, पण उभे राहून बोलणे त्यांना जमत नव्हते. थोडा वेळ उभे राहिले की सारे शरीर थरथरे आणि छातीत धडधड सुरू होई. भाषण लिहून दुसऱ्याने वाचायचे किंवा बसून बोलायचे, असा मार्ग काढावा लागला. आत्मकथा लिहितानाही ही असमर्थता गेली नव्हती. बसून बोलणारे गांधीजी ही प्रतिमा आपण ऋषितुल्य आसन म्हणून पाहतो. तिच्या मुळाशी या आजाराचा अशक्तपणाही आहे. उपवास आणि हरताळाचा कार्यक्रम त्यांनी या दुर्बलतेमुळे निवडला, असे म्हणणे मात्र अतिरेकाचे होईल. उपवासाची वाट त्यांनी त्यापूर्वीच, अहमदाबादच्या गिरणी संपात, धरली होती.

मुंबईत अंथरुणावर असतानाची आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. गावदेवीतील लॅबर्नम रस्त्यावर रेवाशंकर झवेरी यांचे घर, आजचे मणिभवन, हे त्यांचे मुंबईतील मुक्कामाचे ठिकाण. आजारपणात त्यांचा चरख्याचा शोध चालू होता. दोन कातणाऱ्या सापडल्या आणि त्यांच्याकडून सूतकताई शिकणाऱ्या स्त्रियांत अवंतिकाबाई गोखले होत्या: चंपारण्यात गांधीजींबरोबर काम केलेल्या आणि १९१८ मध्ये त्यांचे मराठी चरित्र लिहिणाऱ्या. त्या चरित्राला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची होती. गांधीजींच्या खोलीत चरखा गुणगुणू लागला. आपण बरे होण्यात त्या गुणगुणण्याचा मोठा वाटा होता, असे ते सांगतात आणि परिणाम शरीरापेक्षा मनावरचा असावा, हेही लगेच मान्य करतात.

तुलनेसाठी फ्रान्सकडे पाहावे. १८ नोव्हेंबर १६८६ रोजी व्हर्सायला चौदाव्या लुईचे भगंदर शल्यचिकित्सक फेलिक्स याने कापले. राजाच्या अंगाला शस्त्र लावण्यापूर्वी त्याने गरीब रुग्णांवर सराव केला होता. राजा बरा झाला, राज्यभर आभारप्रार्थना झाल्या, आणि न्हाव्यांच्या पंक्तीत बसवल्या जाणाऱ्या शल्यचिकित्सकांची प्रतिष्ठा वाढली. दरबाऱ्यांनाही तीच शस्त्रक्रिया हवीशी वाटू लागली. सत्ताधीशाची जखम सोहळा झाली.

मुंबईच्या रुग्णाच्या जखमेचा सोहळा झाला नाही. रौलट कायदा मार्चमध्ये मंजूर झाला. ६ एप्रिलच्या सकाळी चौपाटीवर हजारो माणसे समुद्रस्नानाला जमली. संध्याकाळी सरकारने बंदी घातलेली ‘हिंद स्वराज्य’ आणि ‘सर्वोदय’ ही पुस्तके रस्त्यावर विकली गेली आणि विकणाऱ्यांत गांधीजी स्वतः होते. शस्त्रक्रियेला तेव्हा जेमतेम अडीच महिने होत होते.

पाच वर्षांनी, जानेवारी १९२४ मध्ये, येरवड्याच्या कैदेत असताना त्यांना आंत्रपुच्छाचा विकार जडला. पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया तातडीने ठरली, तेव्हा मुंबईहून बोलवावयाच्या डॉक्टरांत दलालांचे नाव होते. ते पोहोचण्याइतका वेळ नव्हता. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्र हाती घेतले, मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. त्याही वेळी बरे होताना त्यांच्या आहारात शेळीचे दूध होते.