सिलिकोसिस म्हणजे काय? दगडाची धूळ फुफ्फुसात गेल्यावर नेमकं काय होतं?

बांधकामाच्या साइटवर ग्राइंडरने टाइल कापणारा कामगार तुम्ही पाहिला असेल. तोंडाला रुमाल, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी धूळ. ही धूळ संध्याकाळी आंघोळ केली की अंगावरून निघून जाते. पण श्वासातून आत गेलेली धूळ निघत नाही. तिच्यातून होणाऱ्या आजाराचं नाव आहे सिलिकोसिस.

हा आजार बरा होत नाही, पण तो पूर्णपणे टाळता येतो. तरीही भारतात दगडखाणी, क्रशर, फाउंड्री आणि काच कारखान्यांमधले कामगार आजही त्याला बळी पडतात. असं का होतं, ते समजून घेऊ.

सिलिका म्हणजे काय?

सिलिका म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं संयुग. वाळू, वालुकाश्म, ग्रॅनाइट, गारगोटी या सगळ्यात ते असतं. ज्याला आपण क्वार्ट्झ म्हणतो, ते सिलिकाचंच स्फटिकरूप. वाळूचा ढीग तसाच पडून असेल तर फारसा धोका नाही. धोका सुरू होतो तो दगड फोडताना, कापताना, घासताना किंवा त्याची पूड करताना.

कारण तेव्हा जे कण उडतात, त्यातले काही चार-पाच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक. मोठे कण नाकात, घशात अडकतात आणि शिंकेतून, खोकल्यातून बाहेर पडतात. हे बारीक कण मात्र थेट फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. ते डोळ्यांना दिसतही नाहीत. त्यामुळे हवा स्वच्छ दिसते म्हणजे ती सुरक्षित आहे, असं होत नाही.

फुफ्फुसात काय घडतं?

वायुकोशात बाहेरचं काही आलं की ते गिळून टाकण्याचं काम शरीरातल्या काही पांढऱ्या पेशी करतात. जंतू असेल तर त्या तो पचवतात. सिलिकाचा कण पचत नाही. उलट तो गिळणारी पेशीच मरते आणि कण पुन्हा मोकळा होतो. मग दुसरी पेशी येते, तीही मरते.

या सततच्या दाहामुळे तिथे जखमेच्या व्रणासारख्या कडक गाठी तयार होतात. फुफ्फुसाची लवचिकता कमी होत जाते आणि रक्ताला पुरेसा ऑक्सिजन मिळेनासा होतो. काम सोडलं तरी आत अडकलेले कण तिथेच राहतात. म्हणून धुळीपासून लांब गेल्यावरही आजार वाढू शकतो.

किती वर्षांत होतो?

ते धुळीच्या प्रमाणावर अवलंबून आहे. साधारणपणे तीन प्रकार मानले जातात:

- दीर्घकालीन: दहा किंवा त्याहून जास्त वर्षं धुळीत काम केल्यावर दिसणारा. सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच.
- वेगाने वाढणारा: धूळ जास्त असेल तर पाच ते दहा वर्षांत.
- तीव्र: प्रचंड धुळीत काही आठवडे ते काही वर्षांत. यात रुग्ण फार लवकर दगावू शकतो.

सुरुवातीला काहीच त्रास जाणवत नाही. मग कोरडा खोकला, जिना चढताना दम लागणं, थकवा, वजन घटणं अशी लक्षणं दिसू लागतात.

टीबी आणि सिलिकोसिसचा घोळ

खोकला, वजन घटणं, एक्स-रेमध्ये डाग. ही लक्षणं वाचून आपल्याला आधी काय आठवतं? टीबी. डॉक्टरांनाही अनेकदा तेच वाटतं. त्यामुळे टीबीची औषधं सुरू होतात, पण दम काही कमी होत नाही.

यात आणखी एक अडचण आहे. सिलिकोसिसच्या रुग्णाला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. म्हणजे दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. तेव्हा टीबीचे उपचार घ्यायलाच हवेत, पण सिलिकोसिसची नोंदही व्हायला हवी. टीबी संसर्गजन्य आहे, सिलिकोसिस नाही. सिलिकोसिस कामामुळे होतो आणि म्हणून त्याची भरपाई मागता येते. कागदावर फक्त 'टीबी' लिहिलं गेलं, की कुटुंबाचा तो हक्कच जातो.

भारतात किती मोठा प्रश्न आहे?

आयसीएमआरच्या १९९९ च्या अंदाजानुसार देशातले सुमारे ३० लाख कामगार सिलिका धुळीच्या मोठ्या धोक्यात होते. बांधकाम मजूर यात वेगळेच.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण गुजरातमधल्या गोध्रा परिसरातल्या क्वार्ट्झची पूड करणाऱ्या कारखान्यांचं. मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर, झाबुआ आणि धार जिल्ह्यांतले आदिवासी मजूर तिथे कामाला जायचे आणि आजार घेऊन परतायचे. ४ मे २०१६ रोजी सुप्रीम कोर्टाने २३८ मृत कामगारांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला.

वालुकाश्माच्या खाणी असलेल्या राजस्थानने २०१९ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरण आणलं. त्यात आजाराचं प्रमाणपत्र मिळाल्यावर ३ लाख आणि मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपयांची तरतूद करण्यात आली.

महाराष्ट्राचं काय?

आपल्याकडचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट. त्यात मोकळं सिलिका वालुकाश्माच्या तुलनेत बरंच कमी असतं. पण म्हणून राज्यात धोका नाही असं नाही. कोल्हापूरसारख्या ठिकाणच्या फाउंड्रींमध्ये साचे सिलिका वाळूचे बनतात. सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यात सिलिका वाळूचं उत्खनन होतं. शिवाय प्रत्येक शहरात ग्रॅनाइट आणि टाइल कापण्याचं काम सुरूच असतं.

रुमाल आणि गूळ पुरेसा आहे का?

नाही. रुमालाच्या विणीतून हे कण सहज आत जातात. गूळ खाल्ल्याने धूळ निघून जाते, असा समजही सर्रास आढळतो. पण गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो आणि धूळ श्वासनलिकेतून फुफ्फुसात. गुळाने सिलिकोसिस टळतो, हे सिद्ध झालेलं नाही.

उपयोग होतो तो धूळ उडूच न देण्याचा: पाणी मारत कापणं आणि ड्रिल करणं, यंत्राजवळच धूळ खेचून घेणारी सोय, सिलिकाऐवजी दुसरा पदार्थ वापरणं. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क हा या सगळ्यानंतरचा उपाय, त्यांना पर्याय नाही. ऑस्ट्रेलियाने तर किचन ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, सिलिकाचं प्रमाण खूप जास्त असलेल्या कृत्रिम दगडावर १ जुलै २०२४ पासून बंदीच घातली.

तुमच्या ओळखीत कोणी धुळीत काम करत असेल तर?

- डॉक्टरांना आधी काम सांगा: कुठे, कोणतं, किती वर्षं. आता काम सोडलं असेल तरीही.
- छातीचा एक्स-रे आणि श्वासाची तपासणी करून घ्या. जुने एक्स-रे फेकू नका.
- हजेरीकार्ड, पगाराची पावती, ओळखपत्र, ईएसआय कार्ड जपून ठेवा. ठेकेदाराकडे काम केल्याचा पुरावा नसणं, इथेच अनेक दावे अडतात.
- सिलिकोसिस कायद्याने 'नोटिफायेबल' आजार आहे, म्हणजे त्याची माहिती सरकारी यंत्रणेला कळवणं बंधनकारक आहे. भरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीतही तो आहे.
- विडी-सिगारेट बंद करा. आधीच कमजोर झालेल्या फुफ्फुसांचं त्याने आणखी नुकसान होतं.