चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही ऊस पिवळा का पडतो? लोह विरघळवणाऱ्या जिवाणूंचे कार्य

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत उसाची, विशेषतः खोडव्याची, नवीन पाने पिवळी ते पांढरट पडतात. शिरा हिरव्या राहतात, जुनी पानेही हिरवी असतात. शेतकरी याला केवडा म्हणतात. बाजरीवरील केवडा हा बुरशीजन्य रोग वेगळा. उसावरील हा केवडा लोहाच्या कमतरतेमुळे येतो. द्राक्ष, भुईमूग आणि सोयाबीनवरही अशीच लक्षणे दिसतात. नत्र कमी पडल्यास मात्र आधी जुनी पाने पिवळी होतात.

लोह आहे, पण बंदिस्त

आपल्या काळ्या जमिनी बेसॉल्ट खडकापासून तयार झाल्या आहेत आणि हा खडक लोहयुक्त आहे. एक एकर जमिनीच्या वरच्या 15 सें.मी. थराचे वजन सुमारे 9 लाख किलो भरते. त्यात 3 टक्के लोह धरले, तरी ते 27 टन होते. उसाच्या पिकाला लागते ते काही किलोच. परंतु हे लोह ऑक्साइडच्या रूपात खनिजांत अडकलेले असते. सामू एक अंकाने वाढला, की त्याची विद्राव्यता सुमारे हजार पटीने घटते. चुनखडीच्या जमिनीचा सामू 8 ते 8.5 असतो. म्हणून माती परीक्षणात एकूण लोह नव्हे, तर उपलब्ध लोह पाहतात, ते 4.5 पीपीएमपेक्षा कमी असल्यास जमीन कमतरतेची समजतात.

महाबळेश्वर, पाटणच्या डोंगराळ भागात जोरदार पावसाने चुना धुऊन गेला आहे. तेथील तांबड्या जमिनी आम्लधर्मी असल्याने ही अडचण क्वचितच येते. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या भागात चुना जमिनीतच साठतो.

जिवाणू लोह कसे मिळवतात

जिवाणूंनाही जगण्यासाठी लोह लागते. ते पुढील मार्गांनी मिळवतात.

- सिडेरोफोर: लोह कमी पडले की स्युडोमोनास, बॅसिलस यांसारखे जिवाणू हे पदार्थ बाहेर सोडतात. ते खनिजाच्या पृष्ठभागाला चिकटून लोहाचा कण घट्ट पकडतात व सोडवतात. मग जिवाणू तो आत घेतात.
- सेंद्रिय आम्ले: सायट्रिक, ऑक्झॅलिक, ग्लुकॉनिक आम्लांमुळे खनिज झिजते आणि मोकळे झालेले लोह विरघळलेले राहते.
- गंधकाचे आम्ल: थायोबॅसिलस गटातील जिवाणू गंधकापासून आम्ल तयार करतात.

पिकाची मुळेही स्वस्थ नसतात. उसासारखी गवतवर्गीय पिके सिडेरोफोरसारखेच पदार्थ सोडतात. द्राक्ष, सोयाबीन मुळांजवळची माती आम्लधर्मी करतात. जिवाणूंनी सोडवलेल्या लोहाचा काही भाग पिकाला मिळतो. शिवाय स्युडोमोनासने लोह पकडून ठेवल्याने काही रोगकारक बुरशींची उपासमार होते.

जिवाणू खतांची मर्यादा

जिवाणू जमिनीत नवीन लोह घालत नाहीत, असलेले मोकळे करतात. चुना त्यांचे आम्ल लगेच निष्प्रभ करतो. हिशेब पाहा: 1 किलो गंधकापासून बनलेले आम्ल सुमारे 3 किलो चुना संपवते. जमिनीत 5 टक्के चुना असेल, तर 15 सें.मी. थरात एकरी 45 टन चुना होतो. तो संपवायला 15 टन गंधक लागेल. म्हणजे सगळे रान बदलता येत नाही. बदलायची ती मुळांलगतची काही मिलिमीटर माती. केवडा तीव्र असताना केवळ जिवाणू खताची बाटली सोडून पीक हिरवे होण्याची वाट पाहू नये.

काय करावे

1. सामू, मुक्त चुना व उपलब्ध लोह यांसाठी माती परीक्षण करावे.
2. कमतरता असल्यास हेक्टरी 25 किलो हिराकस (फेरस सल्फेट) चांगल्या कुजलेल्या शेणखतात 1:10 प्रमाणात 5 ते 6 दिवस मुरवून सरीत मुळांजवळ द्यावे. नुसते हिराकस मातीत टाकल्यास त्यातील लोह लवकरच पुन्हा बंदिस्त होते.
3. पीक पिवळे असल्यास 100 लिटर पाण्यात 500 ग्रॅम हिराकस व 100 ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून सकाळी किंवा सायंकाळी कोवळ्या पानांवर फवारावे. 8 ते 10 दिवसांनी पुन्हा फवारणी करावी.
4. ठिबकमधून चिलेट देताना प्रकार पाहावा. ईडीटीए चिलेट चुनखडीच्या मातीत टिकत नाही, ते फवारणीस योग्य. मातीसाठी ईडीडीएचए चिलेट वापरावे.
5. खोडव्यातील पाचट जाळू नये. पाचट, ताग किंवा धैंचा हे जिवाणूंचे अन्न आहे.
6. जिवाणू खत शेणखतात मिसळून, वाफशावर, मुळांजवळ द्यावे. रासायनिक खत किंवा बुरशीनाशकासोबत मिसळू नये.
7. पाणी मोजून द्यावे व निचरा सुधारावा. पाणी साचल्यास मुळांचा कर्बवायू बाहेर पडत नाही, चुन्याशी मिळून बायकार्बोनेट वाढते आणि लोहाचे शोषण अडते. पाण्याखाली राहिलेल्या सरीत केवडा वाढतो तो यामुळेच.

फवारणीने चालू पीक सावरते, पण त्यानंतर येणारे पान पुन्हा मुळांवरच अवलंबून असते. त्यामुळे पुढील खोडव्याचा केवडा टाळायचा असेल, तर सेंद्रिय पदार्थ आणि वाफसा या दोन बाबींकडे लागवडीपासूनच लक्ष द्यावे.