भांगेची बाटली आणि वेड्यांच्या इस्पितळाचं रजिस्टर

अफूवरचा भाग झाल्यानंतर सगळ्यात जास्त विचारणा आली ती भांगेबद्दल. त्यातला एक प्रश्न इंदूरहून होता आणि तो मला बाजूला सारता आला नाही. शेजाऱ्यांच्या सात वर्षांच्या मुलाला आकडी येते, डॉक्टरांची दोन औषधं चालू आहेत, आणि कुणीतरी त्यांना ‘हेम्प ऑइल’ची महागडी बाटली सुचवली आहे. सोबतच्या पत्रकावर लिहिलंय, ‘पाच हजार वर्षांची आयुर्वेदिक परंपरा’. हे खरं का?

पाच हजार हा आकडा आपल्याकडे फार स्वस्त झालाय. तर आधी तोच तपासू.

अथर्ववेदात ‘भंग’ हे नाव येतं, एवढं खरं. पाणिनीच्या अष्टाध्यायीतही ‘भंगा’ येते, पण ती कुठे येते ते बघा: शेताला पिकावरून नाव कसं द्यायचं हे सांगताना, तीळ, उडीद आणि जवस यांच्या पंक्तीत. म्हणजे पाणिनीसमोर आहे ते शेतातलं पीक, धाग्याचं आणि बियांचं. नशेचा तिथे पत्ता नाही, औषधाचाही नाही. चरकसंहितेत भांग औषध म्हणून सापडत नाही. सुश्रुतातल्या एका उल्लेखावर अभ्यासकांचं एकमत नाही. वैद्यकाच्या संस्कृत ग्रंथांत ती निर्विवादपणे दिसू लागते ती अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपास. पुढे शार्ङ्गधरसंहितेतल्या जातीफलादी चूर्णात ती आहे, सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात आहे. भूक वाढवणं, जुलाब आवरणं, झोप आणणं अशी तिची कामं. विजया हे तिचं भारदस्त नाव. तर औषधाची परंपरा हजारेक वर्षांची धरा. मला विचाराल तर हजार वर्षं काही थोडी नाहीत, त्यांना फुगवायची गरज नव्हती.

इथे एक जाता जाता सांगतो, कारण यात चांगले चांगले फसतात. जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये ‘हेम्प’ दिसलं की लोक लगेच गांजा समजतात. पण ‘सन हेम्प’ म्हणजे आपला ताग आणि ‘डेक्कन हेम्प’ म्हणजे चक्क अंबाडी. जिची भाजी आपण भाकरीबरोबर खातो, तीच. भांगेच्या धाग्याची खरी परंपरा आहे ती हिमालयात. गढवालमध्ये त्या धाग्याचं ‘भांगेला’ नावाचं जाडंभरडं कापड विणत, आणि कुमाऊंत भांगेच्या बियांची चटणी आजही पाट्यावर वाटली जाते. त्या चटणीने कुणाला नशा चढत नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता कलकत्त्याला जाऊ. तिथल्या मेडिकल कॉलेजात विल्यम ब्रूक ओशॉनेसी नावाचा आयरिश डॉक्टर रसायनशास्त्र शिकवत होता. हाच माणूस पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं उभारणार होता, पण तो वेगळा भाग होईल. बाजारात, वैद्या-हकिमांकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या गांजाकडे त्याचं लक्ष गेलं. त्याने आधी संस्कृत आणि फारसी ग्रंथांत काय आहे ते जाणकारांकडून समजून घेतलं. त्यांत पंडित मधुसूदन गुप्त होते, १८३६ मधल्या शवविच्छेदनामुळे गाजलेले तेच. मग प्राण्यांवर प्रयोग केले, आणि त्यानंतरच माणसांना औषध दिलं. १८३९ मध्ये त्याने हे सगळं प्रसिद्ध केलं.

त्या निबंधात मला आवडतं ते त्याचं लपवाछपवी न करणं. संधिवाताच्या एका रुग्णाला दुपारी दोन वाजता एक ग्रेन राळ दिली. चारला तो बडबडू लागला, गाऊ लागला, जेवण मागू लागला, आपण ठणठणीत आहोत म्हणू लागला. आठला बेशुद्ध. हात उचलून हवेत धरला तर तो तसाच राहायचा! डॉक्टर घाबरला, आणि घाबरल्याचं त्याने लिहिलं. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या एका रुग्णाबद्दल तो म्हणतो की वाचला नाही, पण त्याचे हाल कमी झाले. धनुर्वातात स्नायू सैल पडताना त्याने पाहिले. आणि मग ते चाळीस दिवसांचं बाळ, झटक्यांनी बेजार झालेलं. नेहमीचे उपाय थकल्यावर अर्काच्या एका थेंबापासून सुरुवात केली, मात्रा वाढवत नेली, आणि बाळ बरं झालं.

ही एका बाळाची गोष्ट आहे. हल्लीच्या जाहिरातवाल्यांना ती फार आवडते. पण त्या अर्कात नेमकं काय किती होतं हे ओशॉनेसीला कळायला मार्गच नव्हता, आणि झटके आपोआपही थांबतात. तरी त्याच्यामुळे हे औषध लंडनला पोचलं, युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत बसलं आणि पन्नासेक वर्षं टिकलं. मागे का पडलं? दोन बाटल्यांचा गुण सारखा नसे. शिवाय राळ पाण्यात विरघळत नाही, म्हणजे सुईतून देता येत नाही. मॉर्फिन देता येत होतं. पुढे ॲस्पिरिनही आलं.

इकडे हिंदुस्थानात वेगळाच प्रश्न पेटला होता: गांजाने माणूस वेडा होतो का? १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात विचारणा झाली आणि सरकारने आयोग नेमला. सात सभासद, त्यांतले तीन हिंदी. आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या. वैद्य, साधू, शेतकरी, पाद्री, अबकारी अधिकारी, सगळे. मुंबईचे जकात आणि अफू खात्याचे अधिकारी जेम्स कॅम्पबेल, ज्यांचं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर आपण अजून चाळतो, त्यांनी भांगेच्या धार्मिक वापरावर एक टिपणच लिहून दिलं.

पण अहवालाचा कणा मला वाटतो तो वेड्यांच्या इस्पितळांच्या रजिस्टरांचा तपास. १८९२ या एका वर्षात भरती झालेल्या १३४४ जणांपैकी २२२ जणांच्या नावापुढे कारण लिहिलं होतं गांजा, भांग किंवा चरस. आयोगाने विचारलं, हे कारण लिहिलं कुणी? उत्तर निघालं ते मजेशीर नव्हे, भयंकर होतं. रस्त्यावर सापडलेल्या माणसाबरोबर पोलिसांचा कागद येई. त्यात ‘कारण’ असा रकाना. नातेवाईक सोबत नाहीत, माणूस काही सांगू शकत नाही, रकाना रिकामा ठेवायची सोय नाही. कधीतरी गांजा ओढत असे असं कुणीसं म्हटलेलं असायचं, मग गांजा. मॅजिस्ट्रेटने तेच उतरवलं, डॉक्टरने तेच नकललं, वर्षाच्या शेवटी त्याची बेरीज झाली, आणि त्या बेरजेवर लंडनमध्ये भाषणं झाली. आयोगाने एकेक प्रकरण खणून काढलं. २२२ चे उरले ९८, आणि त्यांतही ३७ जणांत दुसरं कारण सोबत होतं. डॉ. कनिंगहॅम यांनी कलकत्त्यात एका माकडाला सुमारे आठ महिने गांजाचा धूर देऊन पुढे त्याचा मेंदूही तपासला. गांजामुळे झालेला बिघाड काही दिसला नाही.

निष्कर्ष असा की माफक वापराने सहसा अपाय नाही, अति वापराने आहे, बंदी नको, कर आणि परवाने हवेत. हे वाचून खूश होणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. बंगालमधलं नवगाव, मध्य प्रांतातलं खंडवा, आपल्याकडे नगर, इथल्या गांजावर सरकारला अबकारी मिळत होती. निष्कर्ष सरकारच्या गैरसोयीचा नव्हता. आणि तिघा हिंदी सभासदांपैकी दोघांनी, राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहाल चंद यांनी, वेगळं मत नोंदवलं होतं.

पुढचं झरझर. १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार, मग १९८५ चा आपला एनडीपीएस कायदा. फुलोरा आणि राळ बंद. पानं आणि बिया, फुलोऱ्याशिवाय असतील तर, गांजाच्या व्याख्येबाहेर. म्हणून काशीत भांगेचं सरकारी परवान्याचं दुकान दिसतं.

सीबीडी हा त्याच झाडातला, नशा न आणणारा पदार्थ. १९४० मध्ये तो वेगळा काढला, १९६३ मध्ये इस्रायलच्या राफाएल मेशुलाम यांनी त्याची रचना उलगडली. आकडीवर त्याची खरी परीक्षा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली: ड्राव्हे सिंड्रोम या दुर्मीळ, हट्टी आजाराच्या १२० मुलांवर. सीबीडी घेणाऱ्यांत महिन्याला येणारे मोठे झटके मध्यमानाने १२.४ वरून ५.९ वर आले, नुसतं दिखाऊ औषध घेणाऱ्यांत १४.९ वरून १४.१. पुढच्या वर्षी अमेरिकेत औषध मंजूर झालं. फायदा खरा आहे. पण तो ठरावीक आजारांत, शुद्ध औषधाचा, आणि वजनाच्या दर किलोला रोज १० ते २० मिलिग्रॅम अशा मात्रेचा. म्हणजे वीस किलोच्या मुलाला दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅम. शिवाय ते क्लोबाझामचा परिणाम वाढवतं आणि व्हॅल्प्रोएटबरोबर यकृतावर ताण आणू शकतं. आकडीच्या कितीतरी मुलांना हीच औषधं चालू असतात.

आता इंदूरची बाटली. २०२१ पासून आपल्याकडे भांगेच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ अन्न म्हणून विकायला परवानगी आहे. ते बियांचं तेल, कुमाऊंच्या चटणीचं भावंड. चांगलं खाद्यतेल, पण सीबीडी असतं फुलोऱ्यात आणि पानांत, बियांत नावालाच. तेव्हा बाटली उलटी करून वाचा. ‘हेम्प सीड ऑइल’ एवढंच असेल तर आकडीसाठी तिचा उपयोग नाही. आयुषच्या परवान्याचं ‘विजया’ असेल तर त्यात नशा आणणारं टीएचसीही असू शकतं, तेव्हा दोन्हींचे मिलिग्रॅम छापलेत का ते बघा, आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्यांसह ती बाटली मुलाच्या मेंदूविकारतज्ज्ञांपुढे ठेवा. तोवर चालू गोळ्यांपैकी एकही थांबवायची नाही.