सांगलीचा शरद आणि लोकाश्रय

पाऊस सरून शरद लागला, की गावोगावी करमणुकीचे मंडप उभे राहतात. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ साली निघाले व सांगली हे महाविद्यालयाचे गाव झाले. परंतु तिच्या शरदाला नाटकाचा रंग त्यापूर्वी पाऊणशे वर्षे चढला होता.

१८४२ साली कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी तसे खेळ मराठीत करण्यास विष्णुदास भावे यांना सांगितले. त्यातून १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. सूत्रधाराने पदे म्हणावीत, विदूषकाने हसवावे, पात्रांनी आयत्या वेळी सुचतील ती भाषणे करावीत, असा तो थाट. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्याच प्रयोगाचे स्मरण होय.

१८५१ साली चिंतामणराव निवर्तले आणि राजाश्रय तुटला. खरी कसोटी येथे लागली. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ साली मुंबईस ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. दरबारात एक धनी संतुष्ट झाला म्हणजे भागत असे. आता प्रत्येक खेळास नवा धनी आला. तो म्हणजे प्रेक्षक.

१९४३ साली रंगभूमीची शताब्दी सांगलीतच साजरी झाली. तथापि श्रोतेहो, राजाचा वारसा आपल्याकडे आला आहे, तो केवळ उत्सवाने फिटत नाही. पदरचे चार पैसे मोडून रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसणे, हाच लोकाश्रय.