टोकोनामेची लाल चहादाणी

टोकोनामे आधी रांजणांचं गाव होतं, मग नळांचं झालं. चहादाणीमुळे त्याचं नाव झालं ते फार उशिरा. जपानच्या सहा प्राचीन भट्ट्यांमध्ये त्याची गणना होते. बाराव्या शतकापासून इथे माती भाजली जाते. नागोयात आमच्याकडे मुंबई-पुण्याहून कुणी आलं की मी त्यांना किल्ल्याआधी टोकोनामेला नेते. चढाच्या वाटेवर एका बाजूची भिंत जुन्या नळांची, तर दुसरीकडची दारूच्या बुधल्यांची आहे. वरती 1887 साली बांधलेली आठ खणांची, दहा धुराड्यांची भट्टी दिसते. ती 1974 पर्यंत पेटत होती.

अशा अवजड कामात मुरलेल्या गावाने तळहातावर मावणारं भांडं घडवायला घेतलं, ते चहा बदलला म्हणून. जपानमध्ये मान होता तो भुकटीच्या चहाला. तो वाडग्यात घुसळायचा, त्याला चहादाणी लागतच नसे. 1654 मध्ये इंगेन हे चिनी भिक्षू नागासाकीला उतरले आणि त्यांच्या मठातून पान गरम पाण्यात मुरवून पिण्याची मिंग काळातली रीत पसरली. पुढे 1738 साली उजीजवळच्या नागातानी सोएन यांनी कोवळी पानं वाफवून, चोळत चोळत सुकवण्याची पद्धत बसवली. हाच सेन्चा. त्याच्या शौकिनांचं मन चीनमधल्या यिशिंगच्या बिनझिलईच्या चहादाण्यांवर होतं. तशी लाल माती टोकोनामेत सुगिए जुमोन यांना साधली 1854 साली. 1878 मध्ये कोइए होजू यांनी जिन शिहेंग या चिनी जाणकाराला बोलावून यिशिंगची रीत गावातल्या कुंभारांना शिकवली. योकोहामाच्या गटारांसाठी पक्के नळ घडवणारे ते हेच कोइए. एकाच माणसाला नळ आणि चहादाणी दोन्हींची इतकी आच असावी, याचं मला मोठं कौतुक वाटतं.

पण चहादाणी एका आकाराची राहिली नाही. सेन्चाचं पाणी साधारण 70 ते 80 अंशांचं. त्यासाठीच्या चहादाणीचा, म्हणजे क्युसूचा, दांडा तोटीशी जवळजवळ काटकोनात असतो. उजव्या हातात दांडा धरायचा, अंगठ्याने झाकण दाबायचं आणि मनगट वळवत शेवटचा थेंबही पेल्यात उतरवायचा. पाणी आत राहिलं तर त्याच पानांचा दुसरा चहा कडू होतो. सावलीत वाढवलेल्या ग्योकुरोची घडण 1835 च्या सुमाराची. त्याला 50-60 अंशच पुरतात, म्हणून त्याच्या होहिनला दांडाच नाही, भांडं सरळ मुठीत धरता येतं. भाजलेल्या होजिचाला मात्र उकळतं पाणी लागतं, तेव्हा मोठी दोबिन काढायची. तिला वरून कमानीसारखी कडी असते, म्हणजे हात वाफेपासून दूर राहतो. होजिचाचा खमंग वास बिनझिलईच्या मातीत मुरतो, म्हणून लाल क्युसूत मी तो कधीच करत नाही.

टोकोनामेचं खरं कसब झाकणात आहे. भाजून झाल्यावर झाकण आणि भांड्याचं तोंड एकमेकांवर घासून बसवतात, त्यामुळे एकाचं झाकण दुसऱ्याला चालत नाही. झाकण फुटलं की चहादाणी गेलीच म्हणायची. 1998 साली तिसरे यामादा जोझान यांना सरकारने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला, तो टोकोनामेच्या चहादाण्यांच्या कामासाठी.

युद्धानंतर शिझुओकात जास्त वेळ वाफवलेला फुकामुशी सेन्चा रूढ झाला. त्याची पानं मोडून चुरा होतात आणि जुन्या चहादाण्यांच्या तोटीमागची मोठी भोकं बुजतात. त्यावर कुणी स्टीलची जाळी बसवली, तर कुणी मातीतच सुईएवढी बारीक भोकं पाडून गाळणी केली. स्टीलची जाळी स्वस्त पडते, दर्जेदार चहालाही ती चालते. पण मला मातीचीच आवडते, कारण ती करायला कुंभाराला ओल्या मातीसमोर तासन्‌तास बसावं लागतं.