जुळी कोकरे : बंगाल ते फलटण – एका गुणधर्माचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
दख्खनच्या पठारावरील मेंढपाळ कुटुंबाचे उत्पन्न मुख्यतः मेंढ्यांच्या विण्याच्या हंगामावर ठरते. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. घोंगडीची मागणी घटत गेल्यानंतर कोकरांची विक्री हाच उत्पन्नाचा प्रमुख मार्ग उरला. मात्र ही मेंढी एका वेतात बहुधा एकच कोकरू देते. जुळ्या कोकरांचा गुणधर्म या पठारावर कसा आला आणि त्यातून मेंढपाळास काय मिळाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विण्याचा हंगाम आणि स्थलांतर :
मेंढीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. पावसाळ्याच्या प्रारंभी हिरवा चारा मिळाल्यावर गाभण राहिलेल्या मेंढ्या दिवाळीच्या सुमारास व त्यानंतर वितात. धनगर कुटुंबांचे वाडे चाऱ्यासाठी कोकणाकडे निघण्याचा काळही हाच होय. त्यामुळे अनेक कोकरे वाटेवरच जन्मतात व चालू न शकणारी कोकरे घोड्यावरून न्यावी लागतात. रानात लावलेल्या वाघरीत त्यांची रात्र जाते. मेंढीला दूध कमी पडल्यास कळपातील शेळीचे दूध कोकरास पाजले जाते. या व्यवस्थेत एका मेंढीमागे एक कोकरू हे प्रमाण केवळ उणीव नव्हती. तुटपुंज्या चाऱ्याशी ते जुळलेले होते. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव वनांतील चराईवर निर्बंध आल्याने हा चारा अधिकच दुर्मिळ झाला.

गुणधर्माचा प्रवास :
पश्चिम बंगालमधील सुंदरबन परिसरातील गरोळे ही लहान चणीची मेंढी जुळी-तिळी कोकरे देते. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियात नेल्या गेल्या. पुढे न्यू साउथ वेल्समधील 'बुरूला' या कौटुंबिक मेंढीफार्मवर सीअर्स बंधूंनी अनेक कोकरे देणाऱ्या मेरिनो मेंढ्यांची निवड केली. एकाच वेतात जन्मलेल्या पाच कोकरांपैकी एक मेंढा त्यांनी १९५८ मध्ये सीएसआयआरओ या संशोधन संस्थेस दिला. या गुणधर्माचे मूळ बंगाली मेंढ्यांत असावे, असे अनुमान हेलन न्यूटन टर्नर यांनी १९८२ मध्ये मांडले. २००१ मध्ये संबंधित जनुकीय बदल निश्चित झाला आणि २००२ मध्ये तोच बदल गरोळे मेंढीत आढळल्याने या अनुमानास बळकटी मिळाली.

फलटणचा प्रयोग :
बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात गरोळे मेंढ्या फलटणला आणल्या. दख्खनी मेंढ्यांशी संकर व पुढील निवड करून 'नारी सुवर्णा' हा वाण विकसित झाला. त्यात दुधासाठी प्रसिद्ध असलेल्या अवासी जातीचाही उपयोग करण्यात आला. जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढीपासून दर वेतास सरासरी एकाऐवजी सुमारे दीड कोकरू मिळू लागले. संस्थेने हे मेंढे परिसरातील मेंढपाळांच्या कळपांतही दिले.

येथेच खरा प्रश्न उद्भवतो. जुळी कोकरे वजनाने हलकी असतात. त्यांना अधिक निगा व मेंढीला पूरक खाद्य लागते. घराजवळ गोठा व चारा असलेल्या कुटुंबास दुसरे कोकरू म्हणजे थेट मिळकत असते. सतत चालणाऱ्या वाड्यास मात्र तेच कोकरू ओझे ठरू शकते.

समारोप :
सीअर्स बंधूंच्या निवडीमागे स्वतःच्या मालकीची कुरणे होती. दख्खनच्या मेंढपाळाजवळ कळप आहे, कुरण नाही. म्हणून या गुणधर्माचे यश जन्मलेल्या कोकरांच्या संख्येवरून न मोजता, जगून विक्रीयोग्य झालेल्या कोकरांवरून मोजणे उचित ठरते. वाणसुधारणेचा इतिहास चराईच्या हक्कांच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, हेच यातून स्पष्ट होते.